चाकात घटाची माती

गाडीचा जीव बेअरिंगात असतो, हे मीच बोलले. माज्याच तोंडानं बोलले. आता कुनाच्या नावानं बोंब मारू?

माजं नाव जयमाला भिंगारदिवे. श्रीगोंद्याहून काष्टीकडं निघालं की डाव्या हाताला एक पत्र्याचं शेड लागतं. 'ट्रॉली, टेम्पोचे हब खोलून ग्रीसिंग करून मिळेल' अशी पाटी हाय, ते शेड माजं. आधी माजे वडील रंभाजी हेच काम करायचे. त्यांच्या गुडघ्यांनी संप केला तवा पान्हा माज्या हातात आला. सुरवातीला गिऱ्हाईक यायचं, बाई बघून इकडं तिकडं बघायचं आनि विचारायचं, "मालक कुठं गेल्यात?" मी म्हनायची, "मालक तुमच्या म्होरंच बसलीय, चाक दाखवा." आता कुनी विचारत न्हाई.

काम दिसायला सोपं हाय. चाकाच्या मधी हब असतो, हबात दोन बेअरिंग, एक आतलं आनि एक भाईरचं. दोन्ही काढायची, जुनं ग्रीस डिझेलनं धुवायचं, फडक्यानं कोरडं करायचं. मंग तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आनि बेअरिंग त्याच्यावर दाबत ऱ्हायचं, पार दुसऱ्या अंगानं ग्रीस भाईर येईस्तवर. परत बसवलं की चाक फिरवत फिरवत नट आवळायचा, आनि आवळला की जरासा ढिला सोडायचा. नटात पिन घालायची, म्हंजे तो फिरून निघत न्हाई. वर टोपी ठोकायची. झालं. पन ह्या एवढ्याशा कामात बापय मानसं काय काय दिवे लावत्यात, त्याची पोथी निघंल.

दसऱ्यानंतर ऊस चालू होतो, म्हनून नवरात्रात माज्याकडं ट्रॉल्यांची रांग असती. अष्टमीला आबासाहेबाची ट्रॉली आली. आबासाहेब म्हंजे आमच्याच गावचा बागायतदार, वस्ती हितून पाच किलोमीटरवर. ट्रॅक्टर घेऊन आला त्याचा पोरगा प्रशांत, चोवीस वर्षांचा. कामापरीस मोबाईलात जास्ती. संगं त्याची आजी बनुबाई हुती. तिला बाजारातनं पूजेचं सामान घ्यायचं हुतं, ते घेऊन ती माज्या शेडात बाकड्यावर टेकली आनि माजं काम बघत बसली.

"अगं, एवढं लोनी कशाला चोपडतीस?" म्हातारीनं विचारलं.

"आजी, गाडीचा जीव हितं असतो," मी म्हनलं. "टायर फुटलं तर गाडी थांबती. पन हे बेअरिंग गेलं, की चाक एकीकडं आनि मानसं एकीकडं."

"गाडीचा जीव," म्हातारी पुटपुटली. तिनं वाकून हबात डोकावून बघितलं आनि हात जोडले. मला वाटलं, असंल सवय. त्या वयाच्या बाया दगडाला, धोंड्याला, वळनावरच्या मैलाच्या दगडालासुदिक हात जोडत्यात. मी लक्ष दिलं न्हाई. तितंच माजं चुकलं.

दसऱ्याच्या दिवशी माजं शेड बंद असतं. आमचा त्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन. नगरला मोठा कार्यक्रम हुता, आमच्या वस्तीतनं जीप जानार हुती आनि मला शेडापाशी उचलनार हुती. मी कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून रस्त्याच्या कडंला उभी. वर्षात एक दिवस माज्या नखांत ग्रीस नसतं, तो हा दिवस.

सकाळचे आठ वाजले असतील. वस्तीकडनं ट्रॅक्टर आला. झेंडूच्या माळा, केळीचे खुंट, मागं ट्रॉलीत पंचवीसेक बाया, ढोलकी, टाळ्या. डोंगरावरच्या देवीला निघाल्या हुत्या, दरवर्षी जात्यात. वाटंत खिंड लागती आनि खिंडीचा उतार असा, की मोकळा टेम्पो घेऊनबी डायवर तोंडातली तंबाखू थुकून मगच उतरतो. ट्रॅक्टरवर आबासाहेब फेटा बांधून बसलेला, बाजूच्या मडगार्डवर प्रशांत मोबाईल धरून रील काढतोय.

आनि त्या ढोलकीच्या खालून मला आवाज आला. कर्र, कर्र, कर्र. मागचं डावं चाक. बाईला आपलं लेकरू रडलेलं शंभर पोरांत कळतं, तसं मला बेअरिंग रडलेलं कळतं. बघितलं तर टोपीच्या कडंनं ग्रीस भाईर आलेलं, आनि ते ग्रीस लालभडक.

माजं ग्रीस लाल नसतं. पंधरा वर्षांत कधी नव्हतं.

मी सरळ रस्त्याच्या मधी जाऊन दोन्ही हात पसरले. आबासाहेबानं करकचून ब्रेक मारला, बाया एकमेकींच्या अंगावर गेल्या, ढोलकी थांबली.

"जयमाला! मरायचंय का सनासुदीला?"

"मला न्हाई, तुमाला मरायचंय असं दिसतंय! डाव्या चाकाला काय केलंय?"

"काय करनार? तूच परवा केलंस की."

मी चाकापाशी गेले, हबाला हात लावला आनि झटकन मागं घेतला. चांगल्या हबावर हात ठेवून धा म्हनेपर्यंत हात ऱ्हातो. हितं मी दोन म्हनले न्हाई. "प्रशांत, हिकडं ये. लाव हात."

प्रशांतनं हात लावला आनि "आई गं!" करून बोटं तोंडात घातली.

"ऊन हाय," आबासाहेब वरूनच म्हनला. "लोखंड तापनारच."

"सकाळच्या आठाला? मंग उजवं चाक का गार हाय? त्याला सावलीचं आरक्षन हाय व्हय?" मी म्हनलं. "प्रशांत, खरं बोल. टोपी कुनी उघडली हुती?"

प्रशांत आधी आभाळाकडं बघायला लागला, मंग बापाकडं, मंग मोबाईलकडं. शेवटी बोलला. खंडेनवमीला वस्तीवर सगळ्या अवजारांची पूजा झाली. नांगर, विळे, ट्रॅक्टर, पाण्याची मोटर. ट्रॉलीची पाळी आली तवा आजी म्हनली, भाईरून कुंकू लावून काय उपेग, गाडीचा जीव आत हाय, पूजा जीवाची करायची. मंग ह्यानं टोपी काढली, पिन काढली, नट काढला, भाईरचं बेअरिंग ताटात घेतलं. आता बघा, खंडेनवमीला पान्ह्याला हात लावायचा नसतो, पान्ह्याची पूजा असती. पन पूजेसाठी पान्हा मारला तर चालतो, हे शास्त्र ह्या घरात नवीनच निघालेलं. बाकीच्या तीन टोप्या ह्याला निघाल्या न्हाईत. त्या मी जरा जास्तीच ठोकल्या हुत्या, म्हनून तीन चाकं वाचली.

"आत काय काय घातलं?"

"हळद, कुंकू, तांदूळ. नारळ फोडला त्याचं पानी. आनि..." प्रशांतची जीभ अडखळली. "घटातली माती."

घटाची माती म्हंजे शेतातनं आनलेली, नऊ दिवस धान्य उगवलेली माती. बेअरिंगात मातीचा एक खडा गेला तर मी अख्खी रात जागते, आनि हितं मूठभर घातलेली.

"पिन?"

"परत बसवताना भोक जुळंना. म्हनून नट लई आवळला, पान्ह्यावर उभा ऱ्हाऊन. पिन आरतीच्या ताटात ऱ्हायली."

माजं डोकं फिरलं. "खाली उतरा सगळ्याजनी!" मी ट्रॉलीकडं बघून वरडले. "हे चाक खिंडीत निघनार! अर्धा-पाऊन तास लागंल, मी आत्ता नीट करून देते, मंग जा कुठं जायचं तिकडं!"

कुनी हललं न्हाई. राहीबाई म्हनून एक हाय, वस्तीवरची, सगळ्यांत मोठ्या आवाजाची. ती म्हनली, "अगं, देवीच्या दारात चाललोय. पूजा केलेली गाडी हाय. पूजा केल्यानं कुठं चाक निघतं व्हय?"

"पूजेनं न्हाई, मातीनं निघतं!"

"घटाची माती हाय ती," आबासाहेबाचा आवाज चढला. "जयमाला, तुमी लोक मानत न्हाई, ठीक हाय, आमी कधी काय म्हनलं न्हाई. पन सनाच्या दिवशी आमच्या देवाला नावं ठेवायची न्हाई."

बघा आता. बोलले बेअरिंगाचं, गेलं देवावर. ट्रॉलीतनं दोन मोबाईल वर आले, माज्यावर धरले. मला कळलं, आता मी जे काय बोलंन ते संध्याकाळपर्यंत तालुकाभर फिरनार, आनि त्यात बेअरिंग कुठंच नसनार. एक क्षन वाटलं, जाऊ दे मसनात. सांगायचं ते सांगितलं. जीप येईल, मी नगरला जाईन, छान भाषनं ऐकंन. मंग ट्रॉलीत नजर गेली. पंचवीस बाया. त्यातल्या चौघी माज्या शाळंतल्या, एकीच्या मांडीवर दीड वर्षांची पोर. मला भ्याव वाटलं, खरं सांगते.

"आबासाहेब, पाया पडते," मी म्हनलं. मी कुनाच्या पाया पडत न्हाई, तरी म्हनलं. "मला शिव्या द्या, परत माज्याकडं येऊ नका, पन ही गाडी खिंडीत नेऊ नका."

"मुहूर्त टळतोय. सर बाजूला."

त्यानं ट्रॅक्टर गिअरात टाकला. मी मोठ्या चाकाच्या म्होरं जाऊन उभी ऱ्हायले. त्यानं हॉर्न दाबला तो दाबलाच. बाया वरडायला लागल्या, "सर की गं, सर की!" मी सरले न्हाई, पन मला दिसत हुतं की आता प्रशांत उतरनार, मला दंडाला धरून कडंला करनार आनि गाडी जानार.

ह्या सगळ्यात बनुबाई गप हुती. ट्रॉलीच्या म्होरल्या कोपऱ्यात पोत्यावर बसलेली, मांडीवर देवीची ओटी. आमची नजरानजर झाली. तिला कळलं हुतं. माजा शब्द न् शब्द तिनं ऐकला हुता, आनि ती माती कुनी घातली तेबी तिलाच ठावं. ती "आबा" म्हनली. मी ऐकलं. परत म्हनली, "आबा, जरा थांब रे." आबासाहेबानं मागं न बघता हात झटकला. "तू गप बस गं आई, तुला काय कळतंय त्यातलं."

म्हातारीनं ओटी खाली ठेवली. अंबाडा सोडला. आनि असा हुंकार दिला, की हॉर्नवरचा हात आपोआप निघाला.

"हुंऽऽऽ! हुंऽऽऽ!"

"आली! आई आली!" राहीबाई किंचाळली. ट्रॉलीतल्या सगळ्या बाया हात जोडून मागं सरकल्या. म्हातारी घुमायला लागली. सत्तर वर्षांची, एरवी उठताना "अगं आई गं" करनारी बाई, पोत्यावर ताठ उभी ऱ्हायली.

"माज्या वाटंला तापलेलं चाक घेऊन येतोस व्हय रे!"

आबासाहेबानं ट्रॅक्टर बंद केला, उडी मारली, फेटा काढून हातात घेतला. पाच मिनिटांपूर्वी माज्या अंगावर गाडी घालनारा मानूस ट्रॉलीच्या खाली हात जोडून थरथरत उभा. "आई, काय चुकलं? लेकरू समजून पदरात घे."

"चाऽऽक काढ!"

"काढतो आई. कुठलं?"

"डावं! मागलं! डिझेलनं धू!"

मी आजपर्यंत बऱ्याच बायांच्या अंगात आलेलं बघितलंय. कुनाची देवी कोंबडं मागती, कुनाची साडी मागती. डिझेल मागनारी देवी पहिल्यांदाच बघितली. मला हसू आलं, ते मी पांढऱ्या पदरात कोंबलं.

राहीबाई कुंकवाचा करंडा घेऊन म्होरं आली, मळवट भरायला. देवीनं तिचा हात हानून बाजूला केला. "कुंकू नको! लई कुंकू झालं!"

"आई," आबासाहेब भीतभीत म्हनला, "येताना केलं तर चालंल का? मुहूर्त..."

देवीनं ट्रॉलीतनं वाकून त्याच्या टाळक्यात अशी चापट दिली, की आवाज रस्त्याच्या पलीकडं गेला. ती चापट एका दिवसात तयार झालेली नव्हती, हे कुनीबी सांगितलं असतं. "नवीन बेअरिंग घाल! पिन घाल! त्या पांढऱ्या साडीवालीला म्हन! तिचं ऐक!"

आबासाहेब माज्याकडं वळला आनि त्यानं मला हात जोडले. "जयमाला, आईची आज्ञा हाय."

मनात आलं, म्हनावं, मी मानत न्हाई देवीला, मला आज्ञा लागू न्हाई. जिभंवर आलं हुतं. पन हातात आलेलं चाक कोन सोडतं? "आधी सगळ्यांना उतरवा," मी म्हनलं, आनि पदर खोचून शेडाचं कुलूप उघडलं.

जॅक लावला, चाक काढलं, टोपी उचकटली. आत बघून मलाच शिसारी आली. लालपिवळा लगदा, त्यात तांदूळ, त्यात काळी माती. भाईरच्या बेअरिंगाचे रोळ तापून निळे पडलेले, त्यांना धरून ठेवनारी जाळी तुटलेली. नट तर बोटानं फिरला, पान्हा लागलाच न्हाई. पाच किलोमीटरात एवढं आवळलेलं एवढं ढिलं झालेलं. खिंड अजून वीस किलोमीटरवर हुती.

मी तो नट आबासाहेबाच्या हातावर ठेवला. त्यानं नट बघितला, मंग ट्रॉलीतनं उतरून बाभळीखाली बसलेल्या बायांकडं बघितलं, त्या दीड वर्षांच्या पोरीकडं बघितलं, आनि त्याच्या तोंडाचं पानी पळालं. प्रशांत रस्त्याच्या कडंला जाऊन ओकला. मोबाईल त्यानं खिशात ठेवला हुता.

"देवीनं वाचवलं गं बाई!" राहीबाई म्हनली, आनि सगळ्याजनी जाऊन बनुबाईच्या पायावर डोकं ठेवायला लागल्या. मी गुडघ्यावर बसून हब धूत हुते, कोपरापर्यंत ग्रीस, साडीची पार वाट लागलेली. अर्धा तास घसा कुनी फोडला? जयमालानं. वाचवलं कुनी? देवीनं. असो. मनातल्या मनात दहा शिव्या दिल्या, मोजून, आनि नवीन बेअरिंग काढलं. तळहातावर गोळा घेतला, दाबत ऱ्हायले, पार दुसऱ्या अंगानं येईस्तवर. नट आवळला, ढिला सोडला, नवी पिन घातली. तेवढ्यात जीप आली, थांबली, माजा अवतार बघून हसली आनि निघून गेली.

काम संपत आलं तवा बनुबाई शेडाच्या मागं पान्याच्या टाकीपाशी आली. देवी कवाच गेलेली. तोंड धुतलं, अंबाडा बांधत माज्या शेजारी पालथ्या बादलीवर बसली.

"जया," ती हळूच म्हनली, "ती माती मीच घातली गं. मला वाटलं, जीव हाय तर जीवाला द्यावं चांगलं."

"चूक माजी हाय, आजी. मी तसं बोलायला नको हुतं." मंग मला ऱ्हावलं न्हाई. "खरं सांगा. आली हुती का?"

म्हातारीनं शेडाच्या कोपऱ्यातनं रस्त्याकडं एकदा बघून घेतलं.

"माजी थोरली तेरा वर्षांची हुती, तवा तिचं लग्न ठरवलं ह्यांनी. मी रडले. पाया पडले. दोन दिस जेवले न्हाई. कुनी इचारलं न्हाई मला. मंग आली अंगात. तवा खरी आली का काय, मला ठावं न्हाई. पन लग्न मोडलं." तिनं अंबाड्यात काटा खोचला. "तवापास्नं चारदा आली. विहीर खचायला आली हुती तवा. सुनंला दवाखान्यात न्ह्यायचं हुतं तवा. लई मोठं काम असलं तरच आनते. उगं सारखी आनली तर तिचंबी ऐकायचं न्हाईत."

मी मघापास्नं चिडले हुते की माजं श्रेय देवीनं न्हेलं, आनि हितं ही बाई, स्वतःच्या घरात, स्वतःच्या पोराला, स्वतःच्या नावानं एक वाक्य सांगू शकत नव्हती. मला माजीच लाज वाटली.

"मंग आज सरळ सांगायचं हुतं ना त्याला," मी उगंच म्हनलं. "मी माती घातली, गाडी थांबव, म्हनून. आई हाय तुमी त्याची."

तेवढ्यात रस्त्यावरनं हॉर्न वाजला. दोनदा वाजला. बाया ट्रॉलीत चढून बसल्या हुत्या, ढोलकी परत चालू झाली हुती, आनि आबासाहेब डोक्यावर फेटा घालून ट्रॅक्टरवरून वरडत हुता, "ए म्हातारे! आवर की लवकर! तुज्यामुळं आधीच किती उशीर झालाय!"

"बघितलंस?" बनुबाई म्हनली, आनि गुडघ्यावर हात ठेवून उठली.